चष्मेवाल्यांची चिठ्ठी

"माणूस बायकोशी खोटं बोलेल, पण माझ्या तक्त्यासमोर नाही," असं चष्मेवाले एकदा म्हणाले होते. एकदा म्हणजे ऐकणाऱ्याने एकदा ऐकलं. ते स्वतः आठवड्यातून चारदा म्हणत.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. एका भिंतीवर फ्रेमा टांगलेल्या, रिकाम्या डोळ्यांनी गिऱ्हाइकाकडे बघणाऱ्या. टोकाच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर तळहाताएवढं अक्षर, खाली मुंगीएवढी ओळ. मध्ये उंच खुर्ची. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या नाकावर भिंगं चढवली होती आणि एवढ्या काळात एकदाही त्यांची चूक झाली नव्हती. निदान त्यांच्या कानावर तरी तसं आलं नव्हतं.

या शेराला सव्वाशेर भेटली ती त्यांची नात. मुलीची मुलगी, वय वर्षं सात. सगळे तिला वकीलबाई म्हणत. शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत ती काउंटरमागच्या स्टुलावर बसे. एखाद्याला फ्रेम शोभत नसली की सांगे, "काका, यात तुम्ही रागावलेले दिसता. खरंच रागावला असाल तर घ्या." काका हसत आणि दुसरी घेत.

अशा मुलीबद्दल शाळेतून निरोप आला: वाचायला सांगितलं की पुस्तकात नसलेलंच काहीतरी सांगते, डोळे तपासून घ्या. चष्मेवाल्यांनी तिला खुर्चीत बसवलं. वकीलबाईंनी तक्ता वरपासून खालपर्यंत न अडखळता म्हटला, मुंगीच्या ओळीसकट. आजोबांची छाती फुगली. दुकानाच्या छापील कागदावर त्यांनी लिहिलं, 'नजर उत्तम. वाचत नाही तो निव्वळ हट्ट.' खाली सही, सहीखाली शिक्का.

चिठ्ठीने काम चोख केलं. हट्टावर औषध म्हणून वर्गाच्या बाईंनी वकीलबाईंची मधली सुट्टी बंद केली. बाकीची मुलं बाहेर, ही आत, समोर धड्याचं पान. घरी आईने तेच पान दहादा लिहायला लावलं. महिन्याभरात पोरीचं बोलणं आटलं. गिऱ्हाइकाने "कशी दिसते फ्रेम?" असं विचारलं तर म्हणे, "चांगली." चष्मेवाल्यांना वाटलं, हट्ट उतरतोय. विहीर आटली तरी काहींना वाटतं, पाणी शहाणं झालं.

मग जुना तक्ता पिवळा पडला म्हणून त्यांनी नवा लावला. उद्घाटनाला नात हाताशी होतीच.

"वाचा, वकीलबाई. शेवटची ओळ."

तिने घडाघडा म्हटली. जुन्या तक्त्यावरची.

चष्मेवाले हसले. "आजोबाला बनवतेस? तक्ता बदललाय."

"मग छापणाऱ्याचं चुकलं असेल."

त्यांनी छडी सगळ्यात वरच्या अक्षरावर टेकवली. तिने अक्षराकडे पाहिलं, मग आजोबांच्या तोंडाकडे, उत्तर तिथं लिहिलेलं असावं तसं. "एवढं मोठं मी वाचत नाही. ते बाळांसाठी असतं."

"बरं. त्या कोपऱ्यात काय आहे?"

"हत्ती. त्याला एकच सुळा आहे."

चष्मेवाल्यांनी जवळ जाऊन डोळ्याला भिंग लावलं, तेव्हा कुठे त्यांना छापखान्याच्या शिक्क्यातला तो हत्ती दिसला. सुळा एकच होता. छडी हळूच खाली आली.

"जुना तक्ता कसा यायचा तुला?"

"सगळी गिऱ्हाइकं रोज म्हणतात की. तुम्हीपण चुकलं की सांगता." ती स्टुलाची कड खरवडत राहिली. "अक्षरं एकमेकांच्या बहिणींसारखी दिसतात. काल ओळख झाली तरी आज कुठली कोण ते कळत नाही. बाई म्हणतात मुद्दाम करते. तुम्हीच लिहून दिलंय ना."

त्या दुपारी चष्मेवाल्यांनी आलेल्या गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगितलं आणि एका जुन्या गिऱ्हाईकबाईंना फोन केला. वाचनात अडणाऱ्या मुलांना तपासणं हे त्यांचं काम. त्या म्हणाल्या, "डिस्लेक्सिया असू शकेल, नसूही शकेल. तपासल्याशिवाय सांगणार नाही. पण बोलण्यात हुशार मुलं उशिरा सापडतात. पाठांतरावर निभावून नेतात." तपासणी पुढच्या शनिवारी ठरली.

संध्याकाळी मुलगी नातीला न्यायला आली.

"मी चुकलो," चष्मेवाले म्हणाले.

तिने पर्स खाली ठेवली. "बाबा, बरं वाटत नाही का?"

त्यांनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा आवाज खाली गेला. "म्हणजे डोक्यात काही कमी आहे?"

"चाळीस अक्षरं, ना अर्थ ना गंध, नुसती ऐकून पाठ केलीत तिने. तुला नवऱ्याचा फोन नंबर पाठ आहे का?"

ती हसली, आणि मग हसू तसंच राहिलं. "मी तिला दहादा लिहायला लावत होते."

"माझ्या शिक्क्यावरून."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेत गेले. वर्ग रिकामा, शेवटच्या बाकावर एक डोकं, वहीवर वाकलेलं. बाई टेबलाशी.

"बाई, माझी चिठ्ठी परत हवी. मजकूर चुकला."

"तुमचा? काय सांगता, काका."

त्यांनी नवी चिठ्ठी पुढे केली. हट्ट नाही, तपासणी माझी चुकली, शनिवारी दुसरी आहे, तोवर हिला सगळ्यांसमोर वाचायला लावू नये, उत्तरं तोंडी घ्यावीत, सुट्टी द्यावी. बाईंनी ती दोनदा वाचली.

"चाळीस वर्षांत असे किती जणांना शिक्के मारलेत, कोण जाणे."

चष्मेवाल्यांच्या जिभेवर उत्तर आलं. नेमकं, धार लावलेलं. पण बोललो तर वाद होणार, वाद आपण जिंकणार, आणि सुट्टी संपणार. त्यांनी ओठ मिटले. बाई उत्तराची वाट बघत राहिल्या. ते येत नाही म्हटल्यावर जराशा ओशाळल्या आणि जुनी चिठ्ठी वहीतून काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"जा गं, खेळ जा."

बाकावरचं डोकं वर झालं. "उरलेलीच सुट्टी, का गेल्या महिन्याचीपण?"

"आज उरलेली. उद्यापासून पूर्ण."

"गेल्या महिन्याचं आपण नंतर बोलू," असं म्हणून ती पळाली.

"ही गेली तरी कुणावर?" बाईंनी विचारलं.

चष्मेवाल्यांनी जुनी चिठ्ठी खिशात घातली आणि ते नातीच्या मागोमाग वर्गाबाहेर पडले.