घासलेली मूठ

आमच्या घरात शिरलं की आधी वास यायचा, मग बाबा दिसायचे. सुक्या झिंग्यांची पूड, कणीक, हिंग आणि आंबवलेला गूळ असं जे काही ते माशांसाठी मळत, त्याला ते चारा म्हणत. मी त्याला घाण म्हणते, आजही. शाळेत असताना मी एकाही मैत्रिणीला घरी आणलं नाही, त्याला कारण तो चाऱ्याचा डबा.

बाबा म्हणजे जगदीश गजभिये. आजोबा भंडाऱ्याहून नोकरीसाठी जबलपूरला आले, बाबा इथल्याच एका कारखान्याच्या सुतारखात्यातून निवृत्त झाले आणि मदन महलच्या आमच्या घराच्या ओसरीवर मासे धरायच्या गळाच्या रॉडना मुठी बसवून देऊ लागले. गिऱ्हाईक आलं की बाबा आधी त्याच्यापुढे घमेलं सरकवत. त्यात मासे धुतलेलं पाणी.

"हाथ डुबाओ भैया."

इस्त्रीच्या शर्टातला माणूस नाक मुरडत हात बुडवायचा आणि त्या बुळबुळीत हाताने एकेक मूठ धरून बघायचा. सागवान सुळकन निसटायचं. स्वस्तातला फोम पाणी पिऊन गिळगिळीत व्हायचा. बूच, म्हणजे कॉर्क, तेवढं हातात राहायचं. "कोरड्या हातानं मूठ निवडते तो अन् काठावरून नदीची खोली सांगते तो, दोघंही एकाच शाळेतले," असं बाबा म्हणत. फोमचा तर त्यांना भारी तिटकारा. गळाचं सामान विकणारा सचिन एकदा कौतुकाने फोमची मूठ घेऊन आला, तेव्हा बाबांनी ती दोन बोटांत उचलली आणि म्हणाले, "ये क्या मरे मेंढक की पीठ पकड़ा रहे हो?"

आणि यांची स्वतःची मूठ कशी? बुचाची, तीस वर्षांची, काळीकुट्ट. अंगठ्याच्या जागी खळगा, बोटांच्या जागी चार घळी, आणि भेगाभेगांत वाळलेला चारा. माशा तिच्यावर बसायच्या. ती भिंतीला टेकवलेली दिसली तरी मी वळसा घालून जायचे.

मागच्या मार्चमध्ये बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. ते अकरा दिवस दवाखान्यात होते. त्यातल्या एका दुपारी मी घर धुवायला काढलं. डबा उघडायची हिंमत झाली नाही, म्हणून तो तीन पिशव्यांत बांधून मोरीमागे ठेवला. मूठ मात्र साबणाने घासली, मग ब्लीचने, आणि तरी काळं जाईना म्हणून रेगमाल, बाबांचा लाकूड घासायचा खरखरीत कागद, घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत ती नव्यासारखी पिवळी आणि गुळगुळीत झाली. फार बरं वाटलं मला.

सहा महिने व्यायाम चालला. बाबा चालायला लागले, पण हात अर्धाच मिटायचा. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, याहून जास्त मिटेल असं वाटत नाही. बाबांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "ममता, रॉड आण. रविवारी परियटच्या तलावावर जाऊन राहिलो आपण."

मी ऐटीत रॉड आणून दिला. त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून मुठीवर ठेवली आणि डावा हात सोडला. रॉड खाली पडला. मी उचलून दिला, पुन्हा पडला. त्यांचा अंगठा बुचावर काहीतरी शोधत फिरत होता.

"कोनाची आहे हे?"

"तुमचीच ना, बाबा. किती घाण होती. घासून काढली मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फोमकडे बघायचे तसंच.

"काहून?"

तेवढंच विचारलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अर्धी मिटणारी ती बोटं त्या जुन्या घळींत आपोआप बसली असती. त्या घळी मी एका दुपारीत रेगमालाने उडवल्या होत्या. मला स्वतःची शिसारी आली.

सचिन बिचारा जाड फोमची मूठ घेऊन धावत आला. कोरड्या हातात ती राहिली. तो खूश झाला. बाबांनी पायाने घमेलं ओढलं, हात भिजवला आणि मूठ सुटली. "चलो, जाऊ द्या," बाबा म्हणाले. रॉड खाटेखाली सारला. दुसऱ्या दिवसापासून व्यायामही बंद केला.

चार दिवस मी ते पाहिलं. पाचव्या दिवशी सचिनकडून बुचाच्या जाड चकत्या आणल्या, जुनी मूठ उतरवून त्या रॉडवर ओवून चिकटवल्या, गोल कानस घेतली आणि बाबांच्या समोर मांडी घातली.

"सांगा, कुठं?"

ते तोंड फिरवून बसले. मी मुद्दामच भलत्या जागी कानस लावली. त्यांना राहवलं नाही.

"तिथं नाही! वर. अंगठा वर होता." त्यांनी डोळे मिटले आणि डाव्या हाताच्या नखाने बुचावर खूण केली. "अजून खोल. काहून घाबरून राहिली? मूठ घासताना नाही घाबरली."

तीन दिवस मी खोदत होते आणि शिव्या खात होते. चौथ्या दिवशी मीच बाजारातून मासे आणले, ते धुतले, पाणी घमेल्यात ओतलं. त्यांचा हात माझ्या हातात धरून त्यात बुडवला. मग बोटं घळींत ठेवली आणि सोडून दिली. हात तिथेच राहिला.

"ओढ," ते म्हणाले.

मी टोकाकडून ओढलं. निसटलं नाही.

"जोरात ओढ ना!"

जोरात ओढलं, तरी निसटलं नाही. बाबांनी मूठ हळूहळू नाकापर्यंत नेली, हुंगली आणि तोंड वाकडं केलं.

"दवाखान्यासारखी आहे. थू! हिच्याजवळ मासा कशाला येईल? जा, चारा मळ."

मी मोरीमागून डबा आणला, तिन्ही पिशव्या सोडल्या आणि झाकण काढलं. नाक दाबता येत नव्हतं, मळायला दोन्ही हात लागणार होते.