आत्याचा प्लॉट विकला, तोटा झाला असं वाटलं होतं

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

गोंदियाजवळच्या मुर्रीतला प्लॉट आत्यानं मला बक्षीसपत्र करून दिला होता. गेल्या वर्षी अडचण आली आणि मी तो घाईत विकला, बक्षीसपत्रावरच्या किमतीपेक्षाही कमीत. आत्याला सांगायची हिंमत झाली नाही.

तोटा झालाय तर कर कसला, असं धरून आज विवरणपत्र भरायला गोंदियात सल्लागाराकडे गेले.

कागद पाहून ते म्हणाले, "मॅडम, बक्षीसपत्रावरची किंमत इथे चालत नाही. आत्यानं जागा कितीला घेतली होती, तिथून हिशोब लागतो. तेव्हा स्वस्तातच घेतली असणार. म्हणजे तुम्हाला नफा झालाय, कर लागेल. उनकी पुरानी रजिस्ट्री लेके आओ."

रजिस्ट्री आत्याच्या पेटीत, तिच्या गावी, नवेगावबांधला. फोन करणं भागच होतं.

"काऊन पायजे तुले रजिस्ट्री?"

करासाठी लागतेय, एवढंच मी सांगितलं.

"विकली का जागा?"

"हो."

"कितीले?"

मी आकडा सांगितला.

"एवढ्यात त मीच वापस घेतली असती," आत्या म्हणाली. "ये उद्या. कागद काढून ठेवते."

कर मी भरीन, त्याचं काही नाही. पण उद्या तिच्या दारात उभी राहून पहिलं वाक्य काय बोलू, हे तुमच्यापैकी कोणी सांगेल का?