दोघांनी येऊन सांगायची बातमी

अन्याय झाला तो आर्णीच्या शमीम आपांवर. मंगळवारी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी. ठिकाण, आमचा मोबाइलवरचा ग्रुप. त्या मिनिटाला त्यांच्या लेकानं दोन ओळी टाकल्या, ‘अम्मी आज सकाळी गेली. मिट्टी असरच्या नमाजनंतर.’ दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर दफन, म्हणजे अजून काही तास हातात होते. पुढच्याच मिनिटाला कोणीतरी त्याखाली सुप्रभात म्हणणारा गुलाब सोडला, भर दुपारी. मग फवारणीच्या पंपाची जाहिरात आली, मग एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं तोरण, मग पुन्हा गुलाब. त्या दोन ओळी वर सरकत सरकत दिसेनाशा झाल्या. ग्रुपात माणसं शेकड्यांनी, आणि संध्याकाळी कबरस्तानात घरचे आणि गल्लीतले, बस. या ग्रुपची अ‍ॅडमिन मी आहे. ‘जबाबदार कोण?’ असा मथळा टाकून मी आजवर किती पत्रकं वाटली, मोजली नाहीत. इथंही तोच टाकते. जबाबदार मी. महिनाभर मी माझाच ग्रुप म्यूट करून ठेवला होता. त्या दुपारी फोन पिशवीत होता, मी रिकामी होते, आपांचं घर चालत गेलं तर दहा मिनिटांवर.

मला कळलं शुक्रवारी. सकाळी दारात मोपेड थांबली. देवरावकाका, डोक्याला रुमाल बांधून, मागे त्यांच्या गंगूकाकू. काका बाजूच्या खेड्यातले, कधी बाजारात भेटायचे, पण घरी आले नव्हते कधी.

“बाई, आत येत नाही. एक बातमी सांगाची हाये,” काका म्हणाले. काकूंनी पदर तोंडाला लावला, मग काकांनीच सांगितलं, “शमीम आपा गेली. मंगळवारी.”

मी नको ते विचारलं. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मले काल बाजारात समजलं. फोनवर आलं असंन, पन त्याच्यावर मले कुठं दिसते वाचाले? मी इले म्हटलं, त्या पोरीले माहीत असंनच. ही म्हणे, असंन तं असंन, आपुन जाऊन सांगू. दोघं लागतात ना. म्हून इले मागं बसवून आनली.”

दोघं लागतात... मी दारातच उभी राहिले. मोपेड वळून गेली, तिचा धूर विरला, आणि समोरच्या भिंतीच्या पायथ्याशी, उजवीकडून डावीकडे, निळ्या पट्टीवर अक्षरं चालत गेली. खरंच गेली. मला दिसली.

ज्यांना पट्टी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपांचे मालक रहीमभाई यांचा केबलचा धंदा होता. त्यांच्या गावच्या चॅनलवर सिनेमा लागला, की पडद्याच्या तळाशी एक निळी पट्टी चालायची. आजचा कापसाचा भाव, हरवलेली शेळी, नळ किती वाजता येणार, कोणाच्या घरी लग्न, कोण गेलं आणि कधी नेणार. रहीमभाई खांबांवर चढायचे आणि पट्टी आपा लिहायच्या, बैठकीतल्या कॉम्प्युटरवर. कीबोर्डवरची अक्षरं झिजून गेली तेव्हा त्यांनी नेलपॉलिशनं ती पुन्हा काढली. लाल क, लाल म, थोडा पसरलेला लाल ह.

ती कापसाची वाईट सालं होती. आज चढेल, उद्या चढेल म्हणून लोक कापूस विकत नसत, घरातच भरून ठेवत. आमच्या समोरच्या खोलीत तो छातीपर्यंत आला होता आणि आम्ही अंग खाजवत त्याच्यावरच झोपायचो. टीव्ही त्या ढिगात अर्धा बुडालेला. बाबा रोज संध्याकाळी दोन्ही हातांनी कापूस मागं सारायचे, पट्टी दिसावी म्हणून. हिरोचं तोंड दिसलं नाही तरी चालेल. मला ते अजून दिसतं... पांढऱ्या ढिगाच्या कडेनं निळी अक्षरं वाहतात, एखादा पुंजका उजेडात तरंगतो, आई बाबांच्या तोंडून उतरलेला भाव ऐकून चुलीकडे जाते, आणि वाचता वाचता माझे डोळे मिटतात. पट्टीतली माणसं माझ्या झोपेत यायची. हरवलेली शेळी तर मला कितीदा सापडली आहे.

पट्टी फार हळू चालायची. कॉलेजात गेल्यावर मी पत्रकं घेऊन आपांकडे जायला लागले, तेव्हा एकदा टोचलंच. “आपा, जरा पळवा की. बैलगाडी झाली.”

“तू नको वाचू,” आपा म्हणाल्या. “हे माह्या सासूच्या डोळ्यानं चालते.”

खरंच होतं ते. सासूबाई बाजेवर बसून पट्टीतलं एकेक अक्षर मोठ्यानं लावायच्या. मराठी त्या शाळेत शिकल्याच नव्हत्या, पट्टीवरच शिकल्या. त्यांची ओळ वाचून झाली की वेग बरोबर. सासूबाई गेल्या त्यानंतरही आपांनी तो वेग बदलला नाही. “तिच्यासारख्या गावात अजून हायेत,” एवढंच म्हणाल्या.

आता देवरावकाका. एकदा फोन आला, देवराव वारले म्हणून, आणि आपांनी लिहिलं. गेले होते दुसऱ्याच गावचे देवराव. तिसऱ्या दिवशी दुपारी काका स्वतः बैठकीच्या दारात उभे. मी तिथंच होते.

“आपा, तुमची पट्टी म्हणते मी मेलो. मले तं घरी कोणी बोललं नाही.”

आपांनी डोक्यावरची ओढणी सावरली. “या अल्ला... काका? बसा, बसा ना.”

“बसतो. मेलेल्या मानसाले कायची घाई. पन माही बहीण ढाणकीहून यष्टीत रडत आली. मले जिता पायला, तं माह्यावरच खेकसली. म्हणे, वेचणी सोडून आली मी, अन् तू बिडी ओढून राह्यला!”

आपा हसल्या नाहीत. चहा केला, त्यांच्यासमोर बसून राहिल्या, आणि मग तीन दिवस पट्टीवर फिरत राहिलं, ‘देवराव जिवंत आहेत. काल आमच्या घरी चहा घेतला.’ त्या दिवसापासून नियम झाला. मयतीची बातमी फोनवर घ्यायची नाही. दोघांनी दारात यायचं. आपा त्यांना आधी पाणी द्यायच्या, मग वहीत गेलेल्याचं नाव लिहायच्या, त्याखाली सांगायला आलेल्या दोघांची नावं, आणि मगच कीबोर्डला हात लावायच्या. मी विचारलं, “दोघंच का? खात्रीसाठी?”

“खात्री तं हायेच. पन एकजन रडते ना बेटा, मंग दुसरा बोलते.”

पुढं अशी सालं आली, की त्या दारात दोघं दोघं फार वेळा उभे राहिले. तरणे लोक जात होते. मी तेव्हा रागानं पेटलेली, आजही आहे. आपांना म्हटलं, नुसतं नाव काय लिहिता, कारण लिहा. कापसानं मारलं लिहा, मुंबईत बसलेल्यांनी मारलं लिहा.

“तुह्या पर्च्यात लिही,” त्या म्हणाल्या. “तुह्या पर्च्यात कारनच कारन असते, मानूस नसतो. पट्टीत त्याले मानूस म्हून जाऊ दे. नाव, गाव, टाइम. त्याच्या बायकोले पट्टी वाचाची असते ना.”

मी त्यांना तोंडावर डरपोक म्हटलं. “चहा घे, लीडरीनबाई,” त्या म्हणाल्या. या एका गोष्टीवर मी अजून त्यांच्याशी भांडते. त्यांनी लिहायला हवं होतं असंच मला वाटतं. पण माझं एक पत्रक कोणाच्या घरात जपून ठेवलेलं मी पाहिलं नाही, आणि पट्टीत कोणाचं नाव कोणत्या सिनेमाखालून गेलं, हे सांगणारी माणसं मला आजही भेटतात.

मग वरून हुकूम सुटला, घरोघरी टीव्हीला नवे सेट-टॉप डबे बसले, चॅनलं शेकड्यांनी आली. त्या एवढ्या चॅनलांत आमच्या पट्टीला जागा नव्हती. कोणी विचारलंही नाही. पत्रक काढायची वेळ खरं तर तेव्हा होती. मी काढलं नाही, कारण मला ती प्रगती वाटली. त्याच महिन्यात मी ग्रुप उघडला आणि आपांच्या बैठकीत जाऊन फोन नाचवला. “तुमची पट्टी आता कोण पाहतं आपा? हे बघा, एका सेकंदात सगळ्या गावाला!” रहीमभाई त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. आपा एकट्या बसल्या होत्या, बंद कॉम्प्युटरसमोर. मी असं बोलले.

त्या रुसल्या नाहीत. लेक पांढरकवड्याला हायवेवरच्या गॅरेजात कामाला, त्यानं त्यांना फोन आणून दिला आणि आपांनी तो पोरीच्या उत्साहानं शिकून घेतला. त्यांची मतं ऐकायला मी मुद्दाम जायचे. बोललेलं पाठवता येतं, हे त्यांना फार आवडलं. “हे बरं केलं यायनं. आमच्या गल्लीतल्या मथुराबाईले लिहिता येत नाई, आता दिवसभर बोलून डोकं खाते माह्यं.” पण मयतीच्या बातमीवर लोक अंगठा टाकतात, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. “मेलेल्याले अंगठा कायले दाखवते व लोक?” निळ्या खुणांबद्दल मी म्हटलं, की हे वाचल्याचं चिन्ह. “वाचल्याचं नाई, उघडल्याचं. माही सासू वाचे.” आणि एकदा, पंख्याखाली पडल्या पडल्या, अर्धवट झोपेत म्हणाल्या, “पट्टी सगळ्याइले एकच दिसे. दुकानदाराले तीच, मजुराले तीच. आता तुह्या फोनवर येगळं, माह्यावर येगळं. एका घरात चार गावं झाली...”

शेवटची भेट जायच्या महिनाभर आधीची. दुपार होती. खिडकीच्या पडद्यातून ऊन बाजेवर सांडलेलं, टीव्हीवर जुना सिनेमा, आवाज बारीक. आपांची नजर सिनेमावर नव्हतीच, टीव्हीच्या पडद्याच्या तळाशी होती. “सवय जात नाई,” त्या म्हणाल्या. “अजून वाटते, आता येईन.” मीही तिथं पाहत बसले. दोघी जणी बराच वेळ, जिथं काही नव्हतं तिथं पाहत... बरं वाटत होतं. तेवढ्यात माझा फोन टुणटुण करायला लागला. गुलाब, गुलाब, कोणाचा तरी वाढदिवस. मी वैतागून बटण दाबलं.

“काय केलं?”

“म्यूट केलं. आता येत राहील, पण आवाज नाही येणार.”

“तोंड बंद कराचं बटन ऐकलं होतं. हे कान बंद कराचं हाये का?” मग थोड्या वेळानं, “बोलणाऱ्याले समजते का व, आपल्याले बंद केलं म्हून?”

“नाही आपा. त्याला काही समजत नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हे बरं नाई,” एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा पडद्याच्या तळाशी पाहू लागल्या.

शुक्रवारी काका गेल्यावर मी त्या बैठकीत गेले. लेकानं टीव्ही चालू ठेवला होता, घर फार शांत वाटते म्हणाला. त्याच्यावर मी काय रागावणार? अम्मीचं अंग गार पडलेलं असताना त्यानं जे गाव हाताशी होतं त्याला सांगितलं, आणि ते गाव मीच त्याच्या हातात दिलं होतं. त्यानं कपाटातून आपांच्या वह्या काढल्या. सगळ्या वह्यांना वर्तमानपत्राचं कव्हर. पान उघडलं की एक नाव, गाव, वेळ, आणि खाली दोन नावं. माझ्या बाबांचं पान सापडलं. खाली माझं नाव आणि मामांचं. मी रडले होते, मामा बोलले होते. कारण तिथंही लिहिलेलं नाही. मी ते पान कितीतरी वेळ पाहत राहिले, आणि त्या एका पानापुरतं मला पहिल्यांदाच वाटलं, की राहू दे.

शेवटच्या वहीत कोरी पानं होती. मी लिहिलं, शमीम आपा, आर्णी. मंगळवार, सकाळी. त्याखाली लिहिलं, सांगायला आले देवराव आणि गंगूबाई. मग त्या लाल अक्षरांच्या कीबोर्डवर उगाच बोटं ठेवून बसले. कॉम्प्युटर लागत नाही. समोर सिनेमा चालला होता, तळ रिकामा.

तेव्हापासून मी आणि गंगूकाकू त्या वह्यांतल्या घरांना जातोय. ज्यांच्या ज्यांच्या माणसाची बातमी आपांनी हळू चालवली, त्या प्रत्येक दारात. काकू रडतात, मी बोलते. कधी उलटं होतं. पण घरं फार आहेत, गावोगाव पसरलेली, आणि आम्ही दोघीच.

म्हणून तुम्हाला सांगते. हा कागद खाली ठेवा. याचा फोटो काढून कुठं पाठवू नका. शेजारच्याला हाक मारा, दोघं निघा, ज्याला अजून माहीत नाही अशा एका माणसाच्या दारात उभे राहा, आणि सांगा, शमीम आपा गेल्या.

हळू सांगा.