परातीवरचा सराव

माझा नवरा प्रमोद तुआसच्या कारखान्यात इंजिनियर. सिंगापुरात डोंगरातली नदी नाही, ट्राउट मासा नाही, आणि ह्याला वेड नेमकं तोच मासा गळाने पकडायचं! दर रविवारी ईस्ट कोस्टच्या बागेत गवतावर माझी कणकेची परात पाण्याने भरून ठेवायचा आणि गुडघ्यावर बसून लांबून दोरी फेकायचा. टोकाला गळाऐवजी माशाला भुलवणारी लोकरीची खोटी माशी. ती पाण्यावर अलगद टेकली पाहिजे. दोरी परातीवर वाजली, की मासा पळाला समजायचं. लोक हसायचे. मी तर जाम चिडायचे.

२०१६ साली हिमाचलातल्या एका छोट्या नदीवर गेलो. पहिल्याच फेकीत माशी दगडामागे अलगद उतरली आणि ट्राउट गळाला लागला.

गाइड थक्क. "साहेब, कुठल्या नदीवर शिकलात?"

प्रमोद लाजला. मीच ताठ मानेने सांगितलं, "माझ्या परातीवर!"