कोल्ह्यासाठी लाल जिलेटिन

स्टुडिओत लाईट उचलणाऱ्या आमच्या गाववाल्या काकांचे उपकार आधी सांगतो, कोल्ह्याचं मागाहून. कारण कोल्ह्याच्या गोष्टीत मी जिथे जिथे शहाणा दिसेन, तिथे खरं तर काका आहेत. मी जिथे आहे तिथे ते लगेच कळेलच.

सातवीतून शाळा सोडून मी मालवणाकडून मुंबईला आलो आणि नाहूरच्या पलीकडे, मिठागरांना लागून असलेल्या एका पोल्ट्रीवर राखणदार झालो. राखणदार म्हटलं की लोकांना मिशा आणि काठी दिसते. माझ्याकडे काठी होती. पोल्ट्रीला लागून खाडीतल्या तिवरांचं रान, तिवरांत कोल्हे, आणि रात्री त्यांनी कोल्हेकुई सुरू केली की मी गोधडीच्या आत जाऊन राखण करायचो. ऐंशीनंतरची ती वर्षं. गिरण्या बंद पडून शिकलेसवरलेले, घरादाराचे लोक कामाच्या शोधात फिरत होते. मला तर काम, छप्पर आणि दोन वेळचा भात एकाच जागी मिळाला होता. ते सुटलं असतं तर गावी आईला तोंड कसं दाखवायचं, याच काळजीने मी निम्मा वाळलो होतो.

आणि कोंबड्या जायला लागल्या.

मालकाने मला चार सेलची बॅटरी आणि एक छऱ्याची बंदूक आणून दिली. म्हणाला, "अजून एक कोंबडी गेली ना, तर तिच्या मागून तू पण गेलास. समजलं?"

समजलं होतं. त्या रात्री पालापाचोळा वाजला तसा मी बॅटरीचा झोत थेट आवाजावर मारला. कोल्ह्याची शेपटी तेवढी दिसली, तीही जाताना. दुसऱ्या रात्रीही शेपटीच. त्या आठवड्यात मी कोल्ह्याची मागची बाजू इतकी नीट पाहिली, की तोंड आहे की नाही याची शंका यावी.

काका गिरणी बंद पडल्यावर अंधेरीच्या एका स्टुडिओत लाईटमन म्हणून लागले होते. घाटकोपरला गाववाल्यांच्या खोलीवर राहायचे. सुट्टीच्या दिवशी मी तिथे गेलो आणि रडगाणं गायलं. काकांनी ट्रंकेतून जिलेटिनचे रंगीत तुकडे काढले. मोठ्या लाईटीपुढे लावतात ते, पतंगाच्या कागदासारखे पण जाड. काका म्हणाले, "पांढरो उजेड बघून जनावर पळता. लाल लाव. गावाक सशाच्या पारधेक आमी बॅटरीक लाल फडकी बांधू."

त्या तुकड्यांत एक निळाही होता. आता माझी अक्कल ऐका. काकांनी मला एकदा शूटिंग दाखवलं होतं. दिवसाढवळ्या लाईटीपुढे निळं जिलेटिन लावलं आणि सगळे म्हणाले, रात्र झाली. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी विचार केला, लाल पाहून कोल्हा बुजेल. निळा लावला तर त्याला वाटेल, चांदणं पडलंय. येईल बिनधास्त!

दोन रात्री मी तिवरांच्या कडेने चांदणं पाडत फिरलो. कोल्हा आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी खाडीकाठची एक कोळीणबाई कमरेवर हात ठेवून फाटकात उभी राहिली.

"काय रं, रातचा निला दिवा तू नाचवतंस काय? आमचा बाप्या भूत समजून जालं टाकून पलाला!"

"मावशी, मी कोल्ह्यासाठी..."

"कोल्हा ऱ्हायला, मानसांना पलवतंस मेल्या!"

त्याच रात्री आणखी एक कोंबडी गेली. मालक दोन दिवस भिवंडीला होता म्हणून मी वाचलो. परत आल्यावर तो कोंबड्या मोजणार, हे नक्की होतं. मी धावत घाटकोपर गाठलं.

काका दोन शिफ्ट ओढून नुकतेच आडवे झाले होते. ऐकून उठून बसले. "मेल्या, लाल लाव म्हणान सांगलंय ना तुका? निळो कित्याक लावलस?"

"सिनेमात रात्र निळीच दाखवतत ना, काका."

"मगे कोलो काय तिकीट काढून येतलो?"

खोलीतली माणसं हसून हसून लोळली. काका हसले नाहीत. त्यांनी चपला घातल्या आणि माझ्याबरोबर निघाले.

पोल्ट्रीवर पोचल्यावर मी सवयीने शेडच्या भिंतीलगतच्या माझ्या खाटेवर टेकलो, तर त्यांनी मला उठवून खाद्याच्या खोलीच्या छपरावर चढवलं. लाईट नेहमी उंचावरून, म्हणाले. लाल जिलेटिन बॅटरीवर बांधलं, बॅटरी आधीपासूनच पेटवून ठेवली आणि झोत वर, हवेतच धरला. उजेडाची फक्त कड जमिनीवर पडत होती. सगळं एका रंगाचं झालं. गवत, पत्रा, माझी खाट, सगळं शिळ्या विस्तवासारखं.

मग दोन निखारे आले. काकांनी झोत हळू, अगदी हळू खाली आणला. कोल्हा पळाला नाही. उजेड त्याच्या गावीच नव्हता. तो सरळ माझ्या खाटेकडे आला, माझी उशी हुंगली, आणि खाटेखाली शिरून दिसेनासा झाला.

शेड धुतल्यावर पाणी बाहेर जायची मोरी तिथेच होती. तिची जाळी सुटलेली. मोरीवर गार वारा लागतो म्हणून मीच खाट तिथे टाकली होती. म्हणजे इतके दिवस राखणदार वर निजलेला आणि कोल्हा त्याच्या पाठीखालून ये-जा करत होता.

"मोरयेर मार," काका मोरीकडे बोट दाखवत कुजबुजले.

मी मारलं. छर्रा पाण्याच्या पिंपाला लागला. पिंप घणघणलं, कोंबड्या बोंबलल्या, कोल्हा रिकाम्या तोंडाने बाहेर आला आणि आमच्याकडे एकदा बघून गेला. त्याला तोंड होतं.

उजाडता उजाडता मालक आला. मी खाली उतरून बघतो तर खाट भिंतीपासून पार लांब, आवाराच्या दुसऱ्या टोकाला. काकांनी कधी उचलली, मला कळलंही नाही. मोरीच्या तोंडात दगड बसवत ते मालकाला म्हणाले, "शेठ, पोराने बराबर जागा शोधून काढली. रात्रभर जागलाय."

मालकाने मोरी पाहिली, मला पाहिलं, आणि कोंबड्या मोजायचं राहूनच गेलं. म्हणाला, "कामाचा आहेस रे." मी मान हलवली. खरं सांगायला तोंड उघडलं असतं, पण काकांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

नवी जाळी बसली, कोंबड्या जायच्या थांबल्या, मी राहिलो. पुढची सगळी वर्षं त्या एका सकाळवर उभी आहेत. काका तसेच न झोपता अंधेरीला शिफ्टवर गेले.

आता ते गावी असतात. उपकाराचं बोललं की म्हणतात, "गप रव." म्हणून इथे लिहून ठेवतो. काका, कधी तुमच्या उशाशी रात्रभर कुणी बसायची वेळ आली, तर निरोप धाडा. मी जिथे असेन तिथून येईन, आणि डोळा मिटणार नाही.