शेवाळाचं विरजण

अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत सरकीच्या तेलाची एक गिरणी आहे. तिच्या बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड नळीनं पाण्याच्या टाक्यात सोडायचा, त्यावर शेवाळ वाढवायचं आणि ते वाळवून सरकीच्या ढेपेसारखं गुरांना खायला चालतं का ते बघायचं, हे माझं संशोधन. हे शेवाळ इतकं बारीक की नुसतं हिरवं पाणी दिसावं. धूर खाण्याचं काम मात्र झाडांपेक्षा झपाट्यानं करतं. गिरणीतले कामगार हसायचे, "मॅडम, लोकं टाक्यातलं शेवाळ काढतात, तुमी पेरून राहिल्या!"

मला हसू यायचं नाही. खोलीवर वाट बघणारं कोणी नव्हतं आणि टाक्याला रोज माणूस लागायचा, म्हणून रविवारीही तिथंच. कित्येक रविवारी मी फक्त चहावाल्याशी बोलले असेन, तेही "साखर कमी" एवढंच. मी फार एकटी होते. पण ते कबूल करणं जिवावर यायचं.

विरजण जसं थोडं बाजूला काढून ठेवतात, तसं शेवाळाचंही बी दुसरीकडे जपावं लागतं. मी ते अमरावतीला बाबांकडे काचेच्या बरणीत ठेवलं होतं. आई गेल्यापासून बाबाही घरात एकटेच. बरणी खिडकीत ठेवायची, सकाळ-संध्याकाळ हलवायची. अकोल्याचं नासलं तर हेच लागेल, असं सांगून आले होते. तीन महिने त्यांनी एक दिवस चुकवला नाही. फोनवर आधी बरणीची खबर द्यायचे, मग स्वतःच्या गुडघ्याची. "तुयं तिकडं कसं चालू आहे?" विचारलं की मी म्हणायचे, "एकदम मस्त." त्यांना काळजी नको, हे निमित्त. खरं म्हणजे मला फोन लवकर ठेवायचा असायचा.

एप्रिलात दोन दिवस वीज गेली आणि पंप थांबला. मी बांबूनं टाकं ढवळत बसले, पण त्या उन्हापुढे हात टेकले. तिसऱ्या दिवशी पाणी पिवळं पडलं, नाक धरावं असा वास सुटला. वर्षाचं काम गेलं, माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण अमरावतीची बरणी होती. बाबांना फोन करून "उद्या येते" एवढंच म्हणाले. आणखी बोलले असते तर रडले असते.

घर धुऊन पुसून ठेवलेलं होतं. बरणी खिडकीत नव्हती. ती टेबलावर होती, राखेनं घासून लख्ख, आणि कैरीच्या पन्ह्यानं काठोकाठ भरलेली.

"बाबा, यातलं शेवाळ कुठंय?"

"फेकलं ना. तिकडं मस्त चालू आहे म्हणत होती तू. घरात मोठी बरणी एकच, अन् तुले पन्हं आवडते म्हून..."

मी ओरडले. एक काम सांगितलं होतं, तेवढंही जमलं नाही, इथपासून जे तोंडाला येईल ते. सगळं लिहायची आज लाज वाटते. ते पेला हातात धरून ऐकत राहिले. माझं संपल्यावर हळूच म्हणाले, "मंग तू बरणीसाठी आली होती का वं?"

मी "हो" म्हणाले. रागात म्हणाले, पण खोटं नव्हतं. तीन महिन्यांत घरी यायला मला दुसरं कारण सापडलंच नव्हतं.