पहिल्या फोटोचा भाव

मला कॅमेरा धरायला शिकवलं ते चित्रकलेच्या सावंत सरांनी. पहिल्या कमाईच्या फोटोआधी मी लेन्स तीनदा पुसली आणि आरशासमोर "दीड हजार" म्हणायचा सराव केला. आमच्या घरी कष्टाचा भाव नेहमी समोरचाच सांगत आला होता.

शेजारच्या गल्लीतलं नऊ जणांचं कुटुंब अंगणात ताठ उभं राहिलं, श्वास रोखून. तेवढ्यात त्यांच्यातल्या थोरल्या काकूंनी विचारलं, "किती घेणार रे?"

"दीड हजार," मी पुटपुटलो.

"मोठ्यानं बोल की! उसने मागतोयस का?"

सगळे खदखदून हसले आणि मी बटण दाबलं.

त्याच फोटोसोबत सरांना पत्र पाठवलं: "सर, हे मी पुटपुटलेल्या भावाला हसतायत. नंतर मी तो मोठ्यानं सांगितला. काकू 'बरं' म्हणाल्या."